दहापैकी चार, पुन्हा लिहा

आप्पासाहेबांनी माझ्या नेमणुकीचा आदेश टेबलावर उलगडला तेव्हा आधी भस्म सांडलं, मग बेलाचं एक पान पडलं, आणि मग लाल शाई दिसली.

थोडीथोडकी नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. शब्दांवर काट, शब्दांखाली रेघ, समासात बाण. तळाशी वरच्या साहेबांच्या सहीला चिकटून एक मोठा गोल होता आणि गोलात गुण दिले होते, दहापैकी चार. त्याखाली दोन शब्द, ‘पुन्हा लिहा’.

अशा वेळी पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी सरकली नाही, कारण मला पायच कळेनात. मी नुसती त्या गोलाकडे बघत उभी राहिले. तो गोल मी ओळखत होते. शाळेत असताना माझ्या वहीवर तसे शेकडो गोल पडले होते.

हे ब्याऐंशी सालचं. त्याच वर्षी ऑगस्टात लातूर उस्मानाबादपासून वेगळं निघून जिल्हा झालं आणि गावाला शिंगं फुटली. जो तो जिल्ह्याच्या गावाचा म्हणून ताठ चालायला लागला. भाड्याच्या घरांवर सरकारी पाट्या चढल्या, उस्मानाबादहून कपाटं भरलेले ट्रक आले, आणि खुर्च्या यायच्या आधी माणसं आली. आमच्या खात्याचं ऑफिस एका आडत व्यापाऱ्याच्या रिकाम्या गोदामात थाटलं होतं. खात्याचं नाव मी सांगणार नाही, त्याच खात्याची पेन्शन खाते आहे. गोदामात अजून करडईचा वास येत होता आणि पाटीचा रंग ओला होता. तिथं टंकलेखकाची एक जागा होती, एकच. आदेश नांदेडच्या वरच्या ऑफिसातून निघाला होता. शुक्रवारच्या आत रुजू व्हा, नाहीतर नेमणूक रद्द आणि यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावणं. त्या दिवशी सोमवार होता.

“बाई, हे काय हाय?” मोठे बाबू आप्पासाहेब म्हणाले.

“माझी ऑर्डर, साहेब.”

“ऑर्डर व्हती. आता ती ऱ्हायली न्हाई. हा तपासलेला पेपर झाला.” त्यांनी कागद दोन बोटांच्या चिमटीत उचलला, चष्मा वर केला आणि पुन्हा खाली ठेवला. “साहेबाच्या सहीपाशी मार्क?” असं ते दोनदा म्हणाले, मला नव्हे, स्वतःलाच. माणूस वाईट नव्हता. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असा कागद पाहिला नव्हता, आणि त्यांचाही जीव हबकला होता.

मागं उभे असलेले दोघंतिघं कारकून वाकून बघायला लागले. त्यातला एक फिस्सकन हसला. कोणी केलं म्हणून आप्पासाहेबांनी विचारलं. मी उत्तर द्यायच्या आधी तो हसणाराच म्हणाला, “विरूपाक्ष गुरुजी. दुसरं कोन?”

मग आप्पासाहेब खुर्चीत मागं टेकले. गुरुजींचं अक्षर अर्ध्या लातूरला ठाऊक होतं.

विरूपाक्ष गुरुजी आमच्या लिंगायतांतले जंगम, म्हणजे पूजा सांगणारे. लग्न, बारसं, वास्तुशांत, सगळ्याला लोक त्यांना बोलवायचे, पण त्यांचा खरा देव इंग्रजी होता. निजामाच्या राज्यात शिकले, तेही उर्दूतून, त्यामुळे इंग्रजी शिकवताना त्यांच्या तोंडी ‘गलत’ आणि ‘दुरुस्त’ हेच दोन शब्द जास्त. जन्मात एकही गोरा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. सदऱ्याच्या खिशात दोन पेनं असायची, निळं लिहायला आणि लाल जगाला सुधारायला. इंग्रजी अक्षर दिसलं की लाल पेन आपोआप बाहेर यायचं. औषधाच्या बाटलीवरचं लेबल त्यांनी दुरुस्त केलंय. टॉकीजचं जाहिरातीचं पत्रक दुरुस्त करून टॉकीजच्या मॅनेजरला नेऊन दिलंय. सख्खा भाऊ पोराच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला तर ती लाल करून त्याच्याच हातात परत ठेवली, “आधी हे सुधारून आण, मग येतो.” भाऊ दोन वर्षं बोलला नाही. पत्रिका मात्र पुन्हा छापली.

लोक चिडायचे, पण अर्ज लिहायचा झाला की त्यांच्याच ओट्यावर येऊन बसायचे. आणि गुरुजी कुणाला नाही म्हणत नसत. हेही सांगायलाच हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ही महानंदा नुसतं गुरुजींचं हसं करून राहिली.

माझी त्यांची गाठ पडली ती बहात्तरच्या दुष्काळात. आमचं गाव तिकडं औशाच्या बाजूला. त्या वर्षी आधी विहिरी आटल्या, मग शाळा आटली, म्हणजे पोरं आईबापांबरोबर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. मी बारा वर्षांची होते, काम मिळावं म्हणून हजेरीपटावर पंधराची. शाळेत पोरंच नाहीत म्हटल्यावर गुरुजींना हजेरी घ्यायच्या कामावर बसवलं होतं. त्यांना हजेरीपट दिसला, समोर पोरं दिसली, आणि एक मोठा काळा दगड दिसला. दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत, सुकडी खाऊन झाली की त्या दगडावर चुन्यानं इंग्रजी सुरू.

आणि शिकवायला घेतलं काय, तर मे, कॅन, मस्ट, शुड. बाकीचं इंग्रजी त्यांच्या मते कुणीही शिकतं, माणसाची तमीज या शब्दांत असते. आम्हाला कळावं म्हणून त्यांनी त्या शब्दांना कामावरचीच माणसं नेमून दिली. कॅन म्हणजे मलप्पा, एका हातानं भरली पाटी उचलणारा, अंगातली ताकद. मस्ट म्हणजे मुकादम, त्याच्यापासून सुटका नाही. शुड म्हणजे म्हातारा ग्यानोबा, सल्ला चांगला देतो पण ऐकत कोणी नाही. आणि मे म्हणजे उंबऱ्याबाहेर थांबून ‘आत येऊ का’ विचारणारा माणूस. “अन् ध्यानात ठेवा,” ते चुन्याचा हात झटकत सांगायचे, “ह्या चौघांच्या मागं ‘टू’ लावायचा न्हाई. मुकादमाला शेपूट असतंय का?” सगळा तलाव हसायचा. मुकादमसुद्धा.

मी हे शब्द कधी विसरले नाही. अजून कुणी ‘शुड’ म्हटलं की मला ग्यानोबाचं मुंडासं दिसतं.

पण त्याच दगडापाशी मी गुरुजींना हरलेलं पाहिलं, आणि तेही विसरले नाही. टँकरचं पाणी ड्रममध्ये पडायचं आणि भांडणं नकोत म्हणून ड्रम गुरुजींच्या ताब्यात होता. पोरांनी पाणी मागायचं तर पुरं वाक्य म्हणायचं, ‘मे आय ड्रिंक वॉटर, सर?’ मग पेला मिळायचा. एका दुपारी ऊन डोक्यात गेलं होतं. मी ड्रमपाशी गेले आणि नुसती पाणी म्हणाले. गुरुजी म्हणाले, पुरं वाक्य. मी ‘कॅन आय’ म्हटलं. “कॅन न्हाई. ताकद इचारू नको, परवानगी इचार.” मला तो शब्दच सापडेना. ओठ हलायचे, आवाज नाही. भरलेला पेला त्यांच्या हातात, आणि मी त्यातल्या पाण्याकडे बघत उभी.

तेवढ्यात माझी आई ढिगाऱ्यावरून उठून आली. मल्लम्मा तिचं नाव, आम्ही अव्वा म्हणायचो. हातात हातोडी तशीच. जंगमासमोर मान वर करून ती आयुष्यात बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

“गुरुजी, पाणी आधी. विंग्रजी मागनं.”

खडी फोडायचा आवाज थांबला. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. गुरुजींचा चेहरा उतरला, त्यांनी पेला माझ्या हातात दिला, पिऊन झाल्यावर पुन्हा भरून दिला आणि मग पाठ फिरवून हजेरीपट चाळत बसले. अव्वा मागाहून घाबरून त्यांच्या पाया पडायला गेली, तेव्हा ते नुसतं “हाव”, म्हणजे हो, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून पाणी आधी मिळायचं, वाक्य नंतर. मी मात्र कितीतरी दिवस बिचकले होते. गुरुजीही चुकतात हे मला नवं होतं.

पुढं त्यांची बदली लातूरला झाली. आमच्या अप्पांनाही, म्हणजे वडिलांनाही, तिथल्या डाळमिलमध्ये काम मिळालं आणि आम्हीही लातूरला आलो. त्यांच्याच ओट्यावर मी मॅट्रिक झाले, त्यांनीच मागं लागून टायपिंगला घातलं. अव्वाचं एकच म्हणणं होतं, पोरीनं सावलीत बसून काम करावं. खडी फोडताना तिच्या अंगठ्याचं नख गेलं होतं ते पुन्हा नीट आलं नाही. तो अंगठा चोळत ती म्हणायची, “सावलीत. पंखा नसला तर नसू दे.” नोकरी लागली नाही तर उदगीरचं एक स्थळ ठरलेलंच होतं, किराणा दुकानवाल्याचं, माझ्याहून सतरा वर्षांनी मोठं. काका दर आठ दिवसांनी त्याची आठवण करून द्यायला यायचे.

शनिवारी दुपारी आदेश आला. आमच्या घरची रीत अशी की नवी वस्तू, नवा कागद, काहीही असो, आधी जंगमाच्या हातून पूजेत ठेवायचा आणि मग वापरायचा. शिलाई मशीनसुद्धा आम्ही तसंच आणलं होतं. मी पळत आदेश गुरुजींकडे नेला. त्यांनी उभ्याउभ्या वाचला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या ओळीला त्यांच्या कपाळाला आठी पडलेली मी पाहिली होती, खोटं कशाला बोलू. पण मी इतकी हरखले होते की आठी काय आणि आशीर्वाद काय, मला सगळं सारखंच.

“सोमवारी पूजा करून देतो. सोमवारच चांगला,” ते म्हणाले.

सोमवारी सकाळी त्यांनी घडी घातलेला कागद दिला, आत बेलपान. “उघडू नको. भस्म सांडंल. तसाच ने.” आणि मी तसाच नेला. वाटेत दोनदा छातीशी धरला. ते आठवलं की अजून मला स्वतःचाच राग येतो.

आप्पासाहेबांच्या टेबलावरून मी तो कागद उचलला आणि थेट शाळेत गेले. मधली सुट्टी होती. गुरुजी व्हरांड्यात उभे होते. मी कागद त्यांच्यासमोर धरला.

“हाव,” ते शांतपणे म्हणाले. “लई गलत्या व्हत्या. मस्टच्या मागं टू. शुडच्या मागं टू. कॅन अन् विल एकाच ठिकाणी. एवढा मोठा साहेब अन्…”

“गुरुजी, ती माझी नोकरी होती.”

ते थांबले. माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. मी सांगितलं, खाडाखोड झाली, आता हा आदेश चालत नाही, शुक्रवार गेला की जागा गेली. सांगता सांगता मी रडायला लागले, आणि पोरं भोवती गोळा झाली याचंही मला काही वाटलं नाही.

गुरुजींनी कागद हातात घेतला. खालचा गोल बघितला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“गुण बी दिले मी?” त्यांनी मलाच विचारलं.

त्यांना आठवतच नव्हतं. व्हरांड्याच्या पायरीवर ते खाली बसले. “पूजा करून राहिलो व्हतो. कागद समोर. डोळे मिटले तरी ते मस्ट टू दिसून राहिलं. हात कवा खिशात गेला, मला ठावं न्हाई, महानंदा.” चाळीस वर्षांच्या सवयीनं हात आपला आपण चालला होता. मला त्यांना बोल लावायचा होता, मी मनात जुळवून आणला होता, पण ते ज्या नजरेनं स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते, ती बघून माझे शब्द विरले.

घरी अव्वा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उंबऱ्यावर बसली आणि अंगठा चोळत राहिली. मग म्हणाली, “सावलीतच बसनार व्हती की गं.” काकांना कळलं तेव्हा त्यांनी संध्याकाळीच उदगीरला निरोप धाडायचं ठरवलं. अप्पांनी त्यांना शुक्रवारपर्यंत थांबवलं, एवढंच.

मंगळवारी आप्पासाहेबांनी नांदेडला ट्रंक कॉल लावला. साहेबांना आधी खरंच वाटेना. मग म्हणाले, ज्यानं हे केलं त्याला माझ्यासमोर हजर करा, काय करायचं ते मग बघतो. आप्पासाहेबांनी हे मला सांगताना आवाज खाली घेतला. “गुरुजीला म्हनावं, साहेब म्हनंल ते हाव म्हना. तिथं शाळा मांडू नका.”

बुधवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो, मी, अप्पा आणि गुरुजी. अहमदपूर, लोहा, मग नांदेड. गुरुजी खिडकीपाशी बसले होते. वाटेत केवढ्या इंग्रजी पाट्या गेल्या, टायरच्या, खताच्या, हॉटेलांच्या. त्यांनी मान उचलून एकही वाचली नाही.

साहेब विष्णुपुरीच्या धरणावरून नुकतेच आले होते, बुटांना चिखल होता. वयानं गुरुजींच्या मुलासारखे. घंटी वाजली आणि शिपायानं आम्हाला आत सोडलं. तीन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसा कोणी म्हणालं नाही. टेबलावर माझा आदेश पसरलेला. शेजारी शेषेराव नावाचे लघुलेखक वही घेऊन उभे.

“हे तुम्ही केलं?”

“हाव, साहेब. मी केलं. पोरीचा काही दोष न्हाई.”

“हा मसुदा मी स्वतः लिहिला होता,” साहेब म्हणाले. “मला चार मार्क?”

आता गुरुजी सांगणार, चार का दिले ते. व्हरांड्यात मला सांगितलं होतं तसंच, मस्टच्या मागं टू. अप्पांनी माझा हात घट्ट धरला. पण गुरुजी मान खाली घालून उभे राहिले.

“माफीनामा लिहून द्या. इंग्रजीत. एवढं येतंय तर.”

शेषेरावांनी कागद दिला. गुरुजींनी उभ्यानंच, टेबलाच्या कडेवर कागद ठेवून, निळ्या पेनानं लिहिलं. पाच ओळी. मी त्यांच्या मागून वाचत होते. मी माफी मागितलीच पाहिजे. मी त्या सरकारी कागदाला हात लावायला नको होता. दुसरा कोणी यात दोषी नाही. एकही अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. इतकं सरळ इंग्रजी मी पुन्हा कुठं वाचलं नाही.

साहेबांनी तो कागद घेतला, वाचला, आणि खिशातून पेन काढलं. हिरव्या शाईचं. मला वाटलं, मंजूर म्हणून सही करताहेत.

त्यांनी ‘मस्ट’च्या मागं ‘टू’ घातला. खालच्या ओळीत ‘शुड नॉट’च्या मागं आणखी एक. दोन्हींखाली रेघा मारल्या. “ऑफिसची इंग्रजी अशी असते, गुरुजी. शाळेतली वेगळी. फेअर करून द्या.”

खरं सांगते, त्या सोमवारची लाल शाई बघून बसला नव्हता तेवढा धक्का मला ही हिरवी शाई बघून बसला. माणसाच्या तोंडावर थुंकावं तसं ते होतं, आणि थुंकणाऱ्याला आपण थुंकलो हेही माहीत नव्हतं. शेषेराव खाली फरशीकडे बघायला लागले. त्यांना कळत होतं. गुरुजींच्या हातात तो कागद होता, मुकादमाला शेपूट लावलेला. मला ओरडावंसं वाटलं, नका लिहू गुरुजी, मी जाते उदगीरला. ते खोटं नव्हतं. त्या क्षणी मी गेले असते.

गुरुजींनी दुसरा कागद मागितला. पहिली ओळ उतरवली. ‘मस्ट’ लिहिलं, आणि पेन थांबलं. मग त्यांनी ‘टू’ लिहिला, नीट, सुवाच्य, आपल्या टपोऱ्या अक्षरात. दुसराही लिहिला. सही केली. कागद दोन्ही हातांनी साहेबांपुढे ठेवला.

“आता कसं,” साहेब म्हणाले, आणि शेषेरावांना नवा आदेश टाइप करायला सांगितलं. माणूस मनाचा हलका नव्हता. त्यांनी मला विचारलं, बस किती वाजता आहे, जेवलात का. चुका मात्र नव्या आदेशात त्याच होत्या.

परतीच्या बसमध्ये अप्पांना झोप लागली. आदेश माझ्या पिशवीत होता आणि मला त्याचा आनंद होत नव्हता. लोहा गेल्यावर मीच म्हणाले, “गुरुजी, तुम्ही ते लिहायला नको होतं.”

“गलत लिहिलं,” ते म्हणाले. “मला म्हाईत हाय. शेषेरावला बी म्हाईत हाय.” मग खिडकीबाहेर बघितलं. तुरीची शेतं चालली होती. “तुझी अव्वा काय म्हनली व्हती? पाणी आधी.”

एवढंच. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. एके काळी पुऱ्या वाक्याशिवाय कुणाला पाण्याचा थेंब न देणारा माणूस अर्धं वाक्य बोलून गप्प बसला आणि मी अहमदपूरपर्यंत पदरात तोंड घालून रडले.

शुक्रवारी मी रुजू झाले. गोदामाच्या खिडकीपाशी माझं टेबल लागलं. अव्वा पहिल्या दिवशी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून मला बघून गेली, आत आली नाही.

गुरुजी शाळेत शिकवत होते तसेच शिकवत राहिले. नववीच्या पोरांकडून कळायचं, मस्टच्या मागं टू लावला की आजही कान पिळतात. पण पोरांच्या वह्यांबाहेर त्यांचं लाल पेन गेलं नाही. औषधाची बाटली आली, डोस वाचला, ठेवून दिली. टॉकीजवाल्याची पत्रकं वाऱ्यावर उडत ओट्यावर यायची, ते बाजूला सारायचे. लोक म्हणाले, गुरुजी आता म्हातारे झाले, निवळले. मला ते ऐकवत नसे. ते निवळले नव्हते. भ्याले होते. त्यांना आपल्या उजव्या हाताची भीती बसली होती, आणि ती माझ्यामुळे बसली होती.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं, उदगीरला नाही, अंबाजोगाईच्या सिद्धरामशी, मी बघून, मी हो म्हणून. सिद्धरामला पत्रिकेची एक बाजू इंग्रजीत हवी होती, त्याच्या बँकेतल्या लोकांना द्यायला. मजकूर मीच टाइप करून प्रेसला दिला. पत्रिका छापून आल्यावर पहिली घेऊन मी गुरुजींच्या ओट्यावर गेले.

त्यांनी चष्मा लावला. मराठी बाजू वाचली, पत्रिका उलटली, इंग्रजी वाचायला लागले. तिसऱ्या ओळीवर डोळे थांबले. मला ते डोळे माहीत होते. ‘यू मस्ट टू कम’ असं तिथं ठळक छापलं होतं. मी मुद्दाम छापून घेतलं होतं, शंभर पत्रिकांवर, प्रेसवाला नको म्हणत असताना.

त्यांचा हात खिशाकडे गेला. अर्ध्या वाटेत थांबला आणि मांडीवर परत आला.

“छान छापली हाय,” ते म्हणाले.

मला वाटलं होतं ते हसतील, रागावतील, पत्रिका माझ्याच हातात परत ठेवतील. छान म्हणतील असं वाटलं नव्हतं. मी म्हणाले, “गुरुजी, हा सरकारी कागद नाही. माझा आहे. माझ्या लग्नाचा.”

ते पत्रिकेकडे बघत राहिले. मग लाल पेन काढलं. टोपण उघडायला त्यांना वेळ लागला. आणि त्यांनी पेन कागदावर टेकवलं नाही. त्यांनी मान वर केली, आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारावं तसं, मला, त्यांच्या ड्रमपाशी पाण्यासाठी ताटकळलेल्या पोरीला, विचारलं.

“मे आय?”

बारा वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून शिकवण्यापलीकडे कधी ऐकला नव्हता. ते मागणारे नव्हते, देणारे होते. उत्तर त्यांनीच शिकवलं होतं, चुन्यानं, काळ्या दगडावर, आणि ते मला आठवेना. गुरुजी पेन धरून थांबले. त्यांनी घाई केली नाही, पुरं वाक्यही मागितलं नाही.

“येस, गुरुजी,” मी कसंबसं म्हणाले. “यू मे.”